गाळलेलं चौथं वाक्य

डोळ्यांच्या त्या दवाखान्याच्या पाटीवर मोठ्या डॉक्टर मॅडमचं नाव होतं, खाली त्यांच्या पदव्यांची आगगाडी होती. पण गावात कुणाला पत्ता विचारला तर समोरचा उलटून विचारायचा, "म्हणजे कपवाल्या सिस्टरांचा दवाखाना ना?" मॅडमना यात कधी कमीपणा वाटला नाही. त्या स्वतःच पाहुण्यांना सांगत, "मला ऑपरेशन करायला कॉलेजनं शिकवलं आणि करताना गप्प बसायला सिस्टरांनी."

सिस्टर अठ्ठावीस वर्षं तिथल्या ऑपरेशन थिएटरात होत्या. उंचीनं बेताच्या, म्हणून टेबलापाशी त्यांचा एक लाकडी पाट असायचा आणि त्याला दुसऱ्या कुणी पाय लावलेला त्यांना खपत नसे. मॅडमनी हात पुढे करायच्या आत हवं ते अवजार त्यांच्या तळव्यात पडलेलं असायचं. डोळा शिवायचा धागा केसापेक्षा बारीक. एकदा त्याची सुई जमिनीवर पडली तेव्हा भूलतज्ज्ञांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना सिस्टरांनी गुडघ्यांवर रांगायला लावलं होतं. सुई सापडली ती सिस्टरांच्याच चपलेच्या तळाशी. त्या दिवशी दवाखान्यात कुणी हसलं नाही, पण त्या आठवड्यात मात्र लोक कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन हसले.

तर आता हे कपाचं काय प्रकरण.

गावाच्या एका अंगाला दगडाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला वर्कशॉपची लांबलचक गल्ली. स्फोट म्हटलं की लोकांना युद्ध आठवतं. सिस्टरांना सोड्याची बाटली आठवायची. खाणीतला सुरुंग होताच, पण त्याशिवाय ट्रकचं टायर रिमवर चढवताना फुटे, कुकरची शिटी छताला जाऊन चिकटे, कुणी गॅसचा रिकामा म्हणून डबा कापायला घेई आणि तो रिकामा नसे. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी डोळ्यात काहीतरी घुसलेलं असायचं आणि प्रत्येक वेळी दवाखान्यात पोचायच्या आधी त्या डोळ्यावर चार भल्या माणसांनी हात चालवलेला असायचा.

अशाच एका दिवशी खाणीतून एक माणूस आला. सोबत्यांनी त्याचा डोळा टाकीच्या पाण्यानं खसाखसा धुतला होता, वर कापसाचा बोळा ठेवला होता आणि त्यावर फडकं करकचून बांधलं होतं. जीव लावून बांधलं होतं हो, वाईट हेतूनं नाही. मॅडमनी फडकं सोडलं तेव्हा डोळ्याच्या आत असायला हवं ते बरंचसं कापसाला लागलेलं निघालं. अडीच तास मॅडम शिवत बसल्या. काही उपयोग झाला नाही. हातमोजे काढताना त्या एवढंच म्हणाल्या, "नुसता तसाच आणला असता ना, सिस्टर, तर थोडी तरी नजर राहिली असती."

हे वाक्य सिस्टरांच्या मनाला लागलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा पिता पिता त्यांनी हातातला रिकामा कागदी कप सहज उपडा केला आणि स्वतःच्या डोळ्यावर धरला. कपाची कड वर भुवईच्या हाडावर टेकली, खाली गालाच्या हाडावर. आत डोळा मोकळाच्या मोकळा, कशाचा स्पर्श नाही. दोन टेप लावल्या की झालं. चहावाल्याला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. त्या मात्र कप तसाच डोळ्यावर धरून रस्ता ओलांडून मॅडमच्या खोलीत गेल्या. त्यांनी काही नवा शोध लावला होता अशातला भाग नाही. फुटलेल्या डोळ्यावर धातूची ढाल लावा असं पुस्तकात होतंच. पण खाणीत धातूची ढाल कुठून येणार? कागदी कप मात्र जिथं चहा तिथं असतो.

तेव्हापासून सिस्टर दर महिन्याच्या एका शुक्रवारी पिशवीत कप, टेप आणि अर्धवट उकडून सोललेली अंडी घेऊन फिरायला लागल्या. आज खाण, पुढच्या खेपेला वर्कशॉपची गल्ली. अंडं हातात घेऊन म्हणायच्या, "हा तुमचा डोळा. आता फुटलाय. बघा, मी मायेनं दाबते." अंगठा टेकला की पिवळा बलक बाहेर येई आणि पुढच्या रांगेतले गडी तोंड वाकडं करत. मग त्या कप लावून दाखवायच्या आणि दाबायचं नाही हे पुन्हा एकदा बजावायच्या. उरलेली अंडी कार्यक्रमानंतर खाल्ली जात. गल्लीतला पंक्चरवाला केवळ त्या अंड्यांसाठी सगळी भाषणं पुढच्या रांगेत बसून ऐकतो, असा सगळ्यांचा आरोप होता आणि त्यानं तो कधी नाकारला नाही.

सुरुवातीला सिस्टरांच्या भाषणात चार वाक्यं होती. चोळायचं नाही. दाबायचं नाही. धुवायचं नाही. आणि चौथं, "पण ऍसिड किंवा चुना असलं काही गेलं असेल, तर मात्र आधी धुवायचं, भरपूर धुवायचं, मग आमच्याकडे यायचं."

या चौथ्या वाक्याला नेहमी गाडी अडायची. "म्हणजे धुवायचं की नाही?" कुणीतरी विचारी. सिस्टर समजावायच्या, दुसरा विचारी. खाणीचा मुकादम एकदा वैतागून म्हणाला, "बाई, एक काय ते ठरवा. माणूस बोंबलत असतो तेव्हा कुणाला एवढं आठवतंय?" आणि पुढच्याच महिन्यात एकानं दगडाच्या कपचीनं चिरलेला डोळा टाकीत बुचकळून आणला. विचारलं तर म्हणे, "तुम्हीच सांगितलं होतं, भरपूर धुवा."

झालं. सिस्टरांनी चौथं वाक्य काढून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, अर्धं राहतंय हे."

"राहू दे, मॅडम. घाईच्या वेळी माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट टिकते. टिकणारी तरी सांगू या."

आणि टिकली की! रंगाऱ्यानं गल्लीच्या भिंतीवर तीन वाक्यं ठळक रंगवली. लोक कप लावून यायला लागले. डोळे वाचायला लागले. सगळे नाही, पण पूर्वी जिथं मॅडम मान हलवायच्या तिथं आता बाह्या सरसावायच्या. सिस्टरांची मान जरा ताठ झाली, आणि का होऊ नये? गर्वाला जागा मिळावी असं काम त्यांच्या हातून झालंच होतं.

त्यांचे यजमान त्याच वर्कशॉपच्या गल्लीत बॅटऱ्या चार्ज आणि दुरुस्त करत. सगळे त्यांना बॅटरीवालेच म्हणत. नवराबायकोचा स्वभाव म्हणजे दोन टोकं. सिस्टरांना पातेल्याचं झाकण तिरकं चालत नसे. बॅटरीवाले मोजा एक निळा, एक तपकिरी घालून दिवसभर आनंदात हिंडत. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून आळशी होता. दिसायला ठीक, पण त्यातून दिसायचं ते धुकं. "डावा शोभेला, उजवा पोटापाण्याला," असं ते कुणालाही सांगत. कामाचा डोळा एकच, म्हणून सिस्टरांनी त्यांना भारीतला संरक्षक चष्मा आणून दिला होता. तो दुकानात खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्याला बॅटरीवाले रोज फडक्यानं पुसत. घालत मात्र नसत.

त्या मंगळवारी सकाळी थिएटरात मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झाली होती, तिसऱ्याची तयारी चालली होती. तेवढ्यात फाटकातून आरडाओरडा ऐकू आला. सिस्टर खिडकीशी गेल्या. पंक्चरवाला एका माणसाला खांद्याला धरून आणत होता. त्या माणसाच्या उजव्या डोळ्यावर कागदी कप होता, त्यावर टेप अगदी शिकवल्याप्रमाणे फुलीत लावलेली. सिस्टरांच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की वा, काय सुरेख लावलाय. आणि मग त्यांना एक निळा आणि एक तपकिरी मोजा दिसला.

त्या धावत खाली आल्या. पंक्चरवाल्याचा ऊर भरून आला होता. "वहिनी, बॅटरी फुटली! चार्जिंग चालू असतानाच तारेचा चिमटा काढला दादांनी, ठिणगी पडली आणि धाडकन! पण तुम्ही काळजी करू नका. मी एक थेंब पाणी लागू दिलं नाही!"

सिस्टरांची नजर नवऱ्याच्या शर्टावर होती. शर्टाला बारीक बारीक भोकं पडली होती आणि बघता बघता ती मोठी होत होती. बॅटरीतलं ऍसिड कापड खात होतं. तेच ऍसिड कपाखाली, डोळ्यात, मघापासून तसंच होतं.

"किती वेळ झाला?"

"गाडीच मिळेना, वहिनी. अर्धा तास झाला असेल."

अठ्ठावीस वर्षांची सवय हातांत मुरलेली असते. पुढच्या मिनिटाला बॅटरीवाले पलंगावर आडवे होते, कप निघाला होता, आणि सलाईनच्या बाटलीची नळी त्यांच्या डोळ्यावर धार धरून होती. मॅडम धावत आल्या. खालच्या पापणीत ऍसिड ओळखणारी कागदाची पट्टी टेकवली. ती लालभडक झाली. धुवा. पुन्हा पट्टी, पुन्हा लाल. दुसरी बाटली. तिसरी. पापणी उलटी करून तिच्याआडचे काळे कण काढले, पण सगळं हलक्या हातानं, डोळ्यावर काडीचा भार न देता, कारण मॅडमना आणखी एक गोष्ट दिसली होती. बॅटरीच्या खोक्याच्या प्लास्टिकचा एक काळा तुकडा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतून बसला होता आणि त्याच्यापाशी बाहुली गोल राहायची सोडून पाण्याच्या थेंबासारखी ओढली गेली होती. डोळा भाजलाही होता आणि फुटलाही होता. सिस्टरांच्या तीन वाक्यांत हे दोन्ही एकत्र येण्याची सोयच नव्हती.

"अगं, आंघोळ घालतेस की काय?" बॅटरीवाले कण्हत म्हणाले. "साबण तरी लाव."

एरवी सिस्टरांनी चार शब्द सुनावले असते. आज त्यांनी नुसती चौथी बाटली लावली.

पाचव्या बाटलीला पट्टी जशी हवी तशी राहिली. थिएटर तयार झालं. फुटलेल्या डोळ्याभोवती सुई टोचून भूल देता येत नाही, तेवढा दाबही त्याला सोसत नाही, म्हणून पूर्ण झोपवायचं ठरलं. सिस्टर हात धुवायला निघाल्या तशा मॅडम आडव्या आल्या.

"तुम्ही बाहेर थांबायचं."

"मॅडम, ती धाकटी सिस्टर सुई उलटी देते."

"देऊ दे. मी सुलटी करून घेईन. तुमचे हात बघा."

सिस्टरांनी हात पुढे धरून बघितले. ते थरथरत होते. आपल्याच हातांनी अशी फितुरी करावी याचा त्यांना इतका राग आला, की त्या तडक बाहेर जाऊन बसल्या.

थिएटरबाहेरच्या त्या बाकावर त्या अठ्ठावीस वर्षांत कधी बसल्या नव्हत्या. बाकाची एक फळी सैल होती, बसलं की चिमटा घ्यायची. किती नातेवाइकांना त्यांनी "बसा हो शांत" म्हणून दटावलं होतं आणि ती माणसं या फळीवर बसून होती! शेजारी पंक्चरवाला होता. बराच वेळ तो चुळबुळत राहिला, मग हळूच म्हणाला, "वहिनी, टेप नीट लावली होती ना?"

आता याला काय सांगायचं? की तू सगळं अगदी बरोबर केलंस, म्हणूनच घात झाला?

"नीट लावली होतीस," सिस्टर म्हणाल्या.

त्याचा जीव भांड्यात पडला. सिस्टरांचा मात्र टांगणीलाच होता.

दोन तासांनी मॅडम बाहेर आल्या. प्लास्टिकचा तुकडा निघाला, चिरेला पाच टाके पडले. आतलं भिंग फुटलं होतं ते काढावं लागलं. नवं पुढे बसवता येईल. भाजलेल्या भागावर बाळाच्या वारेसोबत येणारा तो पातळ पडदा पसरून शिवला होता. बायका बाळंत होतात तेव्हा जो टाकून दिला जातो, तोच पडदा जपून ठेवला तर भाजलेल्या डोळ्यावर सायीसारखा बसतो आणि खालची जखम भरून येते.

"डोळा जागेवर आहे, सिस्टर. नजर किती येईल ते आज सांगत नाही. बुबुळाची कड भाजलीय, तीच मला सतावतेय. वेळेवर धुतला असता तर..." मॅडम थबकल्या.

"पूर्ण बोला, मॅडम."

"तर नुसत्या टाक्यांवर भागलं असतं."

सिस्टर "बरं" म्हणाल्या आणि नवऱ्याच्या खाटेशी जाऊन बसल्या.

लेक सासरहून धावत आली. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे घराला लगेच वेळापत्रक लागलं. पाच औषधांच्या बाटल्या, प्रत्येकीच्या वेळा भिंतीवर. बॅटरीवाले खुशीत होते. डाव्या डोळ्याच्या धुक्यातून त्यांना दारातली बाई बायको आहे की लेक हे कळत नसे, म्हणून दोघींनाही ते "या, महाराणी" म्हणत. आमटीत चमच्याऐवजी पेन बुडवलं तेव्हा तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले. सिस्टर हसत नव्हत्या. त्यांना झोप येईना, अन्न गोड लागेना. महिन्याचा शुक्रवार आला आणि गेला, पिशवी खुंटीवरच राहिली. "बरं वाटत नाही" असं त्यांनी गल्लीत कळवलं. दुसऱ्या महिन्यातही तेच. कुणाला काय तोंड दाखवायचं आणि काय शिकवायचं?

दोन महिन्यांनी बॅटरीवाल्यांना नजर तपासायला नेलं. दवाखान्यात इंग्रजी आकड्यांचा तक्ता होता. वर एक मोठा आकडा, मग खाली खाली बारीक होत गेलेल्या ओळी. डावा डोळा झाकला, उजव्यापुढे जाड भिंग धरलं. मॅडम म्हणाल्या, "वाचा, जमेल तेवढं."

बॅटरीवाल्यांनी घडाघडा वाचायला घेतलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. सहाव्या ओळीपर्यंत एकही आकडा चुकला नाही. सिस्टरांनी तोंडावर पदर दाबला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलं. मॅडम मात्र कपाळाला आठ्या घालून त्या डोळ्याकडे बघत होत्या. बुबुळावर इतकी पांढुरकी साय असताना सहावी ओळ? त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनीही तो डोळा रोज पाहिला होता, औषध घालताना जवळून पाहिला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं. त्या उठल्या, चपला न वाजवता तक्त्यापाशी गेल्या आणि तक्ता फिरवून भिंतीकडे केला. समोर आता कोरा पुठ्ठा होता.

"परत वाचा बरं," त्या म्हणाल्या.

बॅटरीवाल्यांनी कोऱ्या पुठ्ठ्यावरचे आकडे सहाव्या ओळीपर्यंत बिनचूक वाचले.

मग कोपऱ्यातून लेकीचा अपराधी आवाज आला, "आई, तक्त्याचा फोटो मी फोनवर काढला होता. आठवडाभर पाठ करून घेतलं."

"लाज नाही वाटत दोघांना?" सिस्टर कडाडल्या. "नजर तपासायला आलो की कविता म्हणायला? वरचा मोठा आकडा तरी दिसतोय का?"

"काहीतरी काळं दिसतंय," बॅटरीवाले म्हणाले. "अगं, तुला झोप लागत नव्हती. म्हटलं, डोळ्याचं काय व्हायचं ते होईल, तुझी झोप तरी येऊ दे."

सिस्टरांचा बांध फुटला. दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं, आणि राग असा की तो भलतीकडेच निघाला. "तुम्हाला कळत नव्हतं? जन्म गेला बॅटऱ्यांत तुमचा! ऍसिड गेलं डोळ्यात, आणि नळावर जायचं सुचलं नाही? त्या पंक्चरवाल्याला नसेल कळत, तुम्हाला नाही कळलं?"

लेक म्हणाली, "बाबा, सांगा ना तिला. मला सांगितलंत तसं."

"कळलं होतं गं," ते हळूच म्हणाले. "नळ सोडलाही होता. ओंजळ भरली होती. तेवढ्यात तो ओरडला, वहिनींनी सांगितलंय, पाणी नको. मी म्हटलं, आपण काय, बॅटरीवाले. डोळ्यातलं तुला जास्त कळतं. दिली ओंजळ सोडून."

सिस्टर स्टुलावर बसल्या. मॅडमनी लेकीला डोळ्यांनी खुणावलं आणि दोघी बाहेर गेल्या. थोड्या वेळानं आतून बॅटरीवाल्यांचा आवाज आला, "अगं, तो हात माझ्या नाकावर ठेवलायस. गाल इकडे आहे."

पुढच्या शुक्रवारी सिस्टरांनी खुंटीवरची पिशवी काढली. बॅटरीवाले म्हणाले, मीही येतो. त्या नको म्हणाल्या, तरी ते आलेच, लेकीचा हात धरून. गल्लीत सगळे जमले होते. पंक्चरवाला पुढच्या रांगेत. सिस्टरांनी अंडी काढली नाहीत.

"आज आधी ऐकायचं," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. ऍसिड, चुना, असलं जळणारं काही गेलं तर डोळा लगेच धुवायचा असतो. सोबत काही घुसलेलं असलं तरी आधी धुवायचं, फक्त चोळायचं-दाबायचं नाही. हे मला माहीत होतं. तुम्ही गोंधळता म्हणून मी ते गाळलं. तुम्ही मी सांगितलं तसंच केलंत आणि यांचा डोळा भाजत राहिला. चूक माझी आहे."

गल्लीत कुणीतरी हातोडी खाली ठेवली. पंक्चरवाला उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे वहिनी, त्या दिवशी मी..."

"तू नाही. मी." सिस्टर त्याच्यापाशी गेल्या. "तू शहाण्यासारखं ऐकलंस. मी शहाण्यासारखं सांगितलं नाही."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. बॅटरीवाले चाचपडत त्याच्याकडे गेले आणि चुकून मुकादमाच्या पाठीवर थोपटत राहिले. मुकादमानं बिचाऱ्यानं ते निमूट सोसलं; तो आज खाणीतून मुद्दाम आला होता. मग घसा खाकरून तोच म्हणाला, "पण बाई, आता परत दोन गोष्टी झाल्या. एक काय ते..."

"नाही ठरवणार," सिस्टर म्हणाल्या. "आधी विचारायचं, डोळ्यात काय गेलंय? मग ठरवायचं. दोन्ही लक्षात ठेवायचं. विसरलात तर मी पुन्हा सांगेन. महिन्याला नाही, दर आठवड्याला येईन. कंटाळलात तरी येईन."

आणि त्या येऊ लागल्या. रंगाऱ्याला बोलावून भिंत पुसली, पुन्हा लिहिली. ओळी आता सहा झाल्या आणि रंगारी कुरकुरला. सिस्टर गल्लीत दिसल्या की वेल्डर, मोटार मेकॅनिक, सगळ्यांवर परीक्षेला बसल्यासारखी वेळ यायची. "चुना गेला, काय करशील?" "धुवेन." "टायर फुटलं?" "कप." "बॅटरी?" इथं सगळी गल्ली एका सुरात "आधी धुवा, मग कप!" असं ओरडायची आणि बॅटरीवाले दुकानातून, चष्मा डोळ्यांवर घालून, दोन्ही हात वर करायचे.

डोळ्याचं मात्र अजून बाकी होतं. भाजलेली कड स्वतःहून भरेना, साय हटेना. शेवटी मॅडमनी ठरवलं, की डाव्या डोळ्याच्या कडेवरून, जिथं काळं संपून पांढरं सुरू होतं तिथून, नखाएवढाही नाही असा तुकडा घ्यायचा आणि उजव्याच्या कडेला लावायचा. लागला तर नवा पडदा उगवतो, आणि मग आत नवं भिंग बसवायचं. आपला शोभेचा डोळा देणगीदार होणार म्हणून बॅटरीवाल्यांनी गल्लीत असा डांगोरा पिटला, की लोक अभिनंदनाला आले. दोन ऑपरेशनं झाली, मध्ये कित्येक महिने गेले. दोन्ही वेळा सिस्टर बाहेरच्या बाकावर बसल्या. दुसऱ्या वेळेच्या आधी त्यांनी सुताराला बोलावून ती सैल फळी ठोकून घेतली.

मग तपासणीचा दिवस आला. सिस्टरांनी कडेकोट बंदोबस्त केला होता. लेकीला फोनसकट बाहेर बसवलं. दुसऱ्या गावच्या दवाखान्यातून नवा तक्ता मागवला होता, तो कुणालाही न दाखवता गुंडाळीतच ठेवला होता आणि बॅटरीवाले खुर्चीत बसल्यावर त्यांनी तो स्वतःच्या हातानं टांगला. मॅडमनी डावा डोळा झाकला.

"वाचा."

बॅटरीवाल्यांनी मान पुढे केली. "सात." वरचा मोठा आकडा सातच होता. दुसरी ओळ त्यांनी सावकाश वाचली. तिसरीला डोळे बारीक केले. सिस्टर तक्त्याशेजारी हातात छडी घेऊन उभ्या होत्या आणि चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून छताकडे बघत होत्या. चौथ्या ओळीला बॅटरीवाले दोनदा अडखळले, पण निभावलं. पाचव्या ओळीशी ते थांबले. पुढे झुकले, मागे झाले.

"आठ," ते म्हणाले. मग दोन. मग सहा.

आठ नव्हता, तीन होता. दोन बरोबर होता. सहा नव्हता, पाच होता.

सिस्टरांनी छडी खाली केली आणि त्यांना रडू कोसळलं. त्यांनी ते लपवलं नाही, पुसलंही नाही.

बॅटरीवाले घाबरले. "चुकलं का गं?"

"चुकलं."

"किती?"

"दोन." सिस्टरांना हुंदके आवरेनात. पाठ केलेलं माणूस असं चुकत नाही. दिसणारंच चुकतं.

बॅटरीवाले ओशाळून हसले. "थांब, परत बघतो. नीट बघतो."

"बघा," सिस्टर म्हणाल्या आणि छडी सहाव्या ओळीखाली धरली. "सावकाश बघा. चुकलं तरी चालेल."